डबा रिकामाच द्या, सजवून नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही घरातल्या टाकाऊ वस्तूंपासून लहान मुलांची खेळणी असं अख्खं पान दिलं होतं, ते मी कापून ठेवलंय. विषय काढलात हेच फार चांगलं झालं, कारण आपल्याकडे सांगली-मिरजेत आता दोन वर्षाच्या पोराच्या वाढदिवसालासुद्धा हजार-दोन हजाराचं 'एज्युकेशनल' खेळणं न्यायची पद्धत पडलीय आणि ज्यांना ते जमत नाही त्या आईबापांना उगाच वाटत राहतं की आपलं पोर मागं पडतंय. पण त्या पानावरचे फोटो बघून लिहिल्याशिवाय राहवेना. बाटलीचं रॉकेट, आइस्क्रीमच्या काड्यांचं घर, पुठ्ठ्याचा हत्ती नि त्याला चमकी, आणि वर वय लिहिलंय १ ते ५ वर्षं. पाच वर्षाच्या मुलाचं ठीक आहे, ते कात्री धरेल, डिंक लावेल, मी केलं म्हणून आजोबांना दाखवेल. दीड वर्षाच्या पोरानं त्या हत्तीचं काय करायचं? आई रात्री जागून करणार, सकाळी हे त्याची सोंड उपटून तोंडात घालणार आणि वर ओरडा खाणार की एवढं करून दिलं तर मोडलंस.

मी बालवाडीत शिकवलं, आता निवृत्त आहे, घरात नात आहे आणि कॉलनीतली एक ते तीन वयाची पोरं आमच्याकडं येत-जात असतात. माझं म्हणणं एवढंच आहे की तीन वर्षाखालच्या मुलाला वस्तूपासून काही बनवून द्यायची गरज नाही, ती वस्तूच द्या. रिकामा डबा रिकामाच द्या. त्या वयाच्या मुलाचं शिकणं म्हणजे भरणं, ओतणं, झाकणं, उघडणं, आपटणं, लपवणं, ओढत नेणं, आणि हे सगळं करायला त्याला डबा, झाकण, फडकं, पातेलं, खोकं एवढं पुरतं. सजावट आपल्या डोळ्यांसाठी असते.

परवाचंच सांगते. मिठाईचा प्लास्टिकचा चौकोनी डबा असतो बघा, त्याच्या झाकणाला मी सुरीनं लांबट खाच पाडली, कडा घासून घेतल्या आणि घरातल्या बरण्यांची मोठी झाकणं, लोणच्याची, कॉफीची, बोर्नव्हिटाची, अशी टोपलीत टाकून नातीपुढं ठेवली. ती आहे पावणेदोन वर्षाची. तिनं पहिलं झाकण आडवंच ठेवलं खाचेवर आणि तळहातानं दाबलं, जाईना, मग ठोकलं, तरी जाईना, मग दुसऱ्या हातानं डबाच उलटा केला. मी काही बोलले नाही. परत सरळ केला, झाकण उचललं, आणि उचलताना ते आपोआप तिरकं झालं तसं एक टोक खाचेत शिरलं. तिथं ती थांबली. मनगट हळूच वळवलं आणि झाकण खळ्ळकन आत! माझ्याकडं बघितलं, डबा कानाशी नेऊन हलवला, आणि मग जे सुरू झालं ते कुकरच्या शिट्ट्या झाल्या, दारात भाजीवाला येऊन गेला तरी चालूच. सगळी संपली की 'काड' म्हणून डबा माझ्याकडं, मी झाकण उघडायचं, की परत पहिल्यापासून.

यात काय काय झालं ते आईबापांना कुणीतरी समजावून सांगायला पाहिजे असं मला फार वाटतं. मनगट फिरवणं झालं, जे उद्या बटण लावायला, पोळीचा तुकडा मोडायला, पुढं पेन्सिल धरायला लागणार आहे. डोळा आणि हात एकत्र चालले. आडवं-उभं, मोठं-लहान हे शब्द यायच्या आधी हाताला कळलं. आणि सगळ्यात मोठं म्हणजे जमत नसताना ती न रडता त्यात गुंतून राहिली. आपण मध्ये पडून 'असं नाही गं, असं धर' म्हणून हात धरून दाखवलं असतं तर झाकण लवकर गेलं असतं, पण शोधायचं काम आपण हिसकावून घेतलं असतं. घरोघरी मी हेच बघते, पोर विचार करत असतं आणि आपल्याला दम निघत नाही.

तोच डबा वयाप्रमाणं वेगवेगळं शिकवतो. आठ-नऊ महिन्याच्या बाळासमोर डब्यात वाटी ठेवून वर फडकं टाका, ते फडकं ओढून वाटी काढेल, कारण साधारण त्याच सुमाराला त्याला उमगायला लागतं की वस्तू दिसेनाशी झाली तरी ती असते. वर्षाच्या आसपास आतलं सगळं बाहेर काढणं, आधी काढणंच येतं, टाकणं नंतर, म्हणून पसारा केला म्हणून चिडू नका, ते त्याचं त्या वयाचं काम आहे. दीड वर्षाच्या सुमाराला दोन-तीन डबे एकावर एक चढवेल, दोन वर्षाचं झालं की पाच-सहा ठोकळ्यांचा मनोरा जमतो, डॉक्टरसुद्धा तपासताना हे बघतात. एकात एक बसणारे स्टीलचे डबे प्रत्येक मराठी घरात असतात, आईच्या रुखवतातले, त्याच्यासारखेच प्लास्टिकचे रंगीत कप लोक बाहेरून पैसे देऊन आणतात. फक्त डब्यांच्या कडा हातानं फिरवून बघा, काही ठिकाणी पत्रा उचललेला असतो.

पातेल्यांची झाकणं जुळवायला द्या, धुतलेल्या मोज्यांच्या जोड्या लावायला द्या, दोन-सव्वादोन वर्षाची पोरं घड्या घालताना शेजारी बसून बाबांचा मोजा, ताईचा मोजा बरोबर ओळखतात. जुन्या ओढणीचे, सुती साडीचे रुमालाएवढे तुकडे करून डब्याच्या भोकातून एकेक ओढून काढायला द्या, मात्र एकमेकांना बांधून लांब दोर करू नका, गळ्याभोवती जायची भीती. कणीक मळताना एक गोळा त्याच्या हातात. भाजी निवडताना भेंडीचं कापलेलं देठ, ते हळदीच्या पाण्यात बुडवून पुठ्ठ्यावर ठसा मारला की फूल उमटतं.

आणि तुमचा पेपर! वाचून झालेला पेपर फाडायला देणं ही इतकी मोठी गोष्ट आहे की त्याच्यावर वेगळं पान होईल. फाडताना एक हात पुढं जातो, एक मागं, दोन्ही हातांनी एकाच वेळी उलटी कामं करायची, हे लहान मुलाला सोपं नसतं. आधी नुसता चुरगळेल, मग आपण वरून थोडं फाडून सुरुवात करून दिली की चर्रर्र आवाज ऐकून खूश होईल, मग लांब पट्ट्या, मग बोळे करून बादलीत नेम धरणं. पण जे मूल अजून सगळं तोंडात घालतं त्याला पेपर नको, छपाईच्या शाईमुळं खायचे पदार्थ पेपरात बांधू नयेत असं अन्नसुरक्षावाले सांगतात तेच इथंही लागू. बाकीच्यांचे खेळ झाल्यावर हात धुवा, काळे होतात.

हळदीचं निघालंच आहे तर सांगते, आपल्या सांगलीच्या हळदीला २०१८ साली जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं याचा आपल्याला अभिमान आहे, पण किती पोरांना ती हळद हातात मिळते? जुन्या पांढऱ्या बनियनचा तुकडा हळदीच्या पाण्यात भिजवून वाळवायचा. अडीच-तीन वर्षाच्या मुलाला त्याच्यावर साबणाची ओली वडी घासायला द्या, पिवळ्याचं लाल होतं, आणि त्याच्यावर लिंबाची फोड पिळली की परत पिवळं. का होतं ते त्याला आत्ता कळायची गरज नाही, हळद आम्लात पिवळी राहते आणि साबणासारख्या अल्कलीत लाल होते हे तो शाळेत शिकेल, पण तोंडाचा चंबू करून 'लाल!' म्हणणं आत्ताच होऊन जातं. आपण शेजारी बसायचं, साबणाचा हात डोळ्याला जाऊ द्यायचा नाही, आणि फरशीवर डाग पडतो म्हणून खाली गोणपाट टाकायचं.

शेजारी बसायचं म्हणजे मोबाईल बाजूला ठेवून बसायचं. डबा एकटा काही शिकवत नाही, आपण दोन शब्द बोललो की शिकवतो. 'आत गेलं. आता बाहेर. अगं सांडलं की! भरला बघ काठोकाठ. हे जड, हे हलकं. वाटी कुठं लपली?' हे आपण आपल्या घरच्या बोलीत बोलायचं. कॉलनीत मी बघते, शिकलेल्या आया पोराशी मुद्दाम रेड, ब्ल्यू, बिग, स्मॉल करतात आणि स्वतःला ज्या भाषेत गप्पा मारता येतात ती बाजूलाच राहते. मग बोलणं चार शब्दांवर अडकतं. गच्च, सैल, खरखरीत, गुळगुळीत, चिकट, कोमट, तिरकं, उताणं, किती शब्द आहेत आपल्याकडं! हातात वस्तू असताना आलेला शब्द पोर विसरत नाही, असा माझा इतक्या वर्षांचा अनुभव आहे. आजी-आजोबा घरात असतील तर त्यांना हे काम द्या, ते आनंदानं करतील.

आता ज्याच्यासाठी मुख्य हे पत्र लिहायला बसले ते. तुमच्या पानावर सावधगिरीबद्दल एक ओळसुद्धा नव्हती आणि हे मला खटकलं. मोबाईलवर येणाऱ्या व्हिडिओत तर सर्रास एक-दीड वर्षाच्या मुलापुढं पाण्याच्या बाटलीची बुचं, राजमा, हरभरे, मणी, चिंचोके ठेवतात, रंगानं वेगळे करायला. खेळण्यांच्या सुरक्षेच्या नियमात तीन वर्षाखालच्या मुलांसाठी ३१.७ मिलिमीटर व्यासाचं एक छोटं नळकांडं वापरतात, त्यात जी वस्तू किंवा तुकडा पूर्ण मावतो तो घशात अडकू शकतो असं धरतात. पाण्याच्या बाटलीचं बूच असतं साधारण २८ ते ३० मिलिमीटर. म्हणजे सगळ्यात जास्त वापरली जाणारी ही 'टाकाऊ' वस्तूच त्या मापात मावते! म्हणून मी बरणीची तळहाताएवढी झाकणं म्हणते. कडधान्यं आणि शेंगदाणे तर श्वासनलिकेत जातात, नाकात घातले तर ओलाव्यानं फुगतात आणि मग काढायला दवाखान्यात पळावं लागतं. आपल्याकडं संध्याकाळी भडंगाची परात मधे ठेवून सगळे बसतात, त्यातले शेंगदाणे पोराच्या मुठीत जातात, तिकडंही लक्ष असू द्या. पारदर्शक बाटलीत डाळ घालून खुळखुळा करायचा असेल तर झाकण पक्कं चिकटवून वर टेप गुंडाळा, दर वेळी देण्याआधी ओढून बघा, आणि आपण समोर असू तेव्हाच द्या.

बटण सेल, ते चपटे गोल चकचकीत, रिमोटमधले, गाणं म्हणणाऱ्या ग्रीटिंगमधले, लाइट लागणाऱ्या स्वस्त खेळण्यातले, ते तर हाताला लागताच कामा नयेत. गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजायला लागतं. गिळल्याचा नुसता संशय आला तरी घरी वाट बघत बसू नका, थेट मोठा दवाखाना गाठा.

आणि हे आपल्या जिल्ह्यासाठी मुद्दाम. तासगाव, कवठेमहांकाळ, मिरज, पलूस, जिकडं तिकडं द्राक्षबागा, आणि बाग म्हटलं की फवारणीची औषधं. त्यांचे कॅन, डबे, मापाची झाकणं दिसायला छान रंगीत असतात आणि शेडात पडलेले असतात. धुतले की झालं असं समजून काही घरांत ते वापरात येतात, पोरांच्या हातातही जातात. कितीही धुतले तरी ते खेळायला देऊ नयेत, ते तीनदा विसळून भोक पाडून टाकून द्यायचे असतात, म्हणजे कुणी परत वापरू नये. तेच फिनेल, ॲसिड, रंग, डांबरगोळ्या यांच्या डब्याबाटल्यांचं. औषधाच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं खेळायला देणाऱ्यांनी हा विचार करावा की उद्या भरलेलं पाकीट हाती लागलं तर त्या पोराला फरक काय कळणार. कॅरीबॅग, दुधाच्या पिशव्या, फुगे, थर्माकोल हेही नको. पाण्याचा खेळ जरूर द्या, परातीत चार इंच पाणी, गाळणं, पेला, भोकं पाडलेली बाटली, उन्हाळ्यात याच्यासारखं सुख नाही, पण एक मिनिटसुद्धा सोडून उठायचं नाही, तेवढ्या पाण्यातही लहान मूल बुडू शकतं. फोन वाजला तर वाजू दे, आणि उठायचंच असेल तर पोराला कडेवर घेऊन उठा, खेळ झाला की पाणी लगेच ओतून टाका.

मोबाईलबद्दल लांबण लावत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली सांगितलंय की दोन वर्षाखाली स्क्रीन नकोच, आणि दोन ते चार वर्षाला दिवसात १ तासापेक्षा जास्त नको, कमी तितकं बरं. जेवताना मोबाईल लावून द्यायची सवय मोडायची असेल तर हातात काहीतरी दुसरं द्यावं लागतं, एक वाटी, एक चमचा, चार तुकडे पोळीचे, सांडू दे. अडीच वर्षाच्या मुलाला वर्कशीट गिरवायला लावणाऱ्या प्लेग्रुपबद्दलही तेच, त्याच्या बोटांना अजून फाडणं, दाबणं, पिळणं हवंय, आधी ते पोटभर होऊ दे. आणि खेळणं विकत घ्यायचंच असेल तर आयएसआय मार्क बघून घ्या, १ जानेवारी २०२१ पासून तो खेळण्यांवर सक्तीचा आहे.

हे काही मी नवीन सांगत नाही. बालशिक्षणाला वाहून घेतलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं तेव्हा परदेशी पद्धतीची महागडी साधनं बाजूला ठेवून शंख, शिंपले, पानं, बिया, दगड यांच्यावर मुलांना शिकवलं, पुढं कोसबाडला आदिवासी पाड्यांवर तेच केलं. आमचं ट्रेनिंग झालं तेव्हा हेच आमच्यापुढं आदर्श म्हणून होतं. आपल्याच महाराष्ट्रात हे झालेलं असताना आपण पोराला डबा द्यायला का लाजतो तेच कळत नाही.

एक अडचण मात्र खरी आहे. १९७५ पासून अंगणवाड्या आहेत, पण तिथं शिकवणं-खेळवणं होतं ते मुख्यतः ३ ते ६ वयाच्या मुलांचं, त्याखालच्यांना घरपोच आहार मिळतो, वजन-उंची होते, बाकी ती घरीच असतात. केंद्र सरकारनं २०२४ साली जन्म ते ३ वर्षं वयासाठी 'नवचेतना' म्हणून खेळांचा आराखडा काढलाय, घरातल्या वस्तू घेऊन आईनं, बाबानं, आजीनं बाळाशी काय करायचं त्याचा. पण आमच्या कॉलनीत मी ज्या-ज्या आईला विचारलं तिला त्याचं नावसुद्धा माहीत नव्हतं. अंगणवाडी सेविकांवर आधीच रजिस्टर आणि मोबाईल ॲपचं ओझं आहे, त्यांना अजून एक काम लावा असं मी म्हणणार नाही. पण आहार न्यायला आणि वजन करायला आया येतातच, त्या रांगेत उभ्या असताना सतरंजीवर चार डबे, मोठी झाकणं, फडकी मांडून ठेवली तर पोरं आपोआप खेळतील आणि आया बघतील. तेवढा वेळ बसायला माझ्यासारख्या निवृत्त बाया गावोगाव आहेत, त्यांना ग्रामपंचायतीनं नुसतं बोलवावं. मी स्वतः यायला तयार आहे.

द्राक्ष आणि बेदाण्याची कोरी, जराशी फाटलेली किंवा चुकीची छापून आलेली खोकी शीतगृहाच्या, पॅकिंगवाल्यांच्या दारात पडलेली असतात, ती रद्दीत जायच्या आधी दहा-वीस अंगणवाडीला दिली तर बोगदा होतो, गाडी होते, आत बसायला घर होतं. पिना मात्र पक्कडनं उपटून द्या आणि औषधाच्या पेट्या त्यात मिसळू नका.

आणि तुम्हाला विनंती, ते पान परत छापा, पण वय तोडून: एक ते दीड, दीड ते दोन, दोन ते तीन. प्रत्येकाखाली काय द्यायचं त्याच्याएवढ्याच ठळक अक्षरात काय द्यायचं नाही ते, आणि बुचांचं माप चित्रासकट. फोटोत बनवलेली वस्तू नको, खेळणारं मूल दाखवा.

कळावे,
आपली नम्र,
एक निवृत्त बालवाडी शिक्षिका,
विश्रामबाग, सांगली